सीझनचे पाणी जाते कुठे?



पत्रिकेत विषय वाचून काहींनी नाक मुरडले असेल. स्मृतिव्याख्यान म्हटले की साहित्य, संतविचार, इतिहास असे काहीतरी ऐकायला मिळेल, अशी अपेक्षा असते. सांडपाण्यावर तास-दीड तास कोण बोलते? आणि त्याहून मोठा प्रश्न म्हणजे, कोण ऐकते? आज सभागृह भरले आहे, तेव्हा दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळाले. पहिल्याचे उत्तर असे, की हा विषय आपल्या दारातून वाहतो.

आपल्या कारापुरात, विठ्ठलापूरच्या घाटावर त्रिपुरारी पौर्णिमेला नावा सजतात, दिवे लागतात, अख्खी पंचक्रोशी लोटते. ज्या वाळवंटीच्या पाण्यात हा सोहळा होतो, तिचे नाव २०१८ साली एका वेगळ्याच यादीत आले. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशभरातल्या ३५१ प्रदूषित नदीपट्ट्यांची ती यादी केली होती. त्यांतले ११ पट्टे गोव्याचे. मडगावकडची साळ नदी त्यात असणार हे कोणीही सांगितले असते. पण वाळवंटीचा साखळी-पर्ये पट्टा? डिचोली नदी? अस्नोड्याची नदी? पेडण्याच्या अंगाला शापोरा आणि तेरेखोल? डिचोली आणि पेडणे या दोन तालुक्यांना पाणी देणाऱ्या आणि त्यांचे पाणी वाहून नेणाऱ्या बहुतेक नद्या त्या एका कागदावर होत्या.

लगेच घाबरून जायचे कारण नाही. मंडळाने पट्ट्यांचे पाच वर्ग केले होते आणि वाळवंटी त्यांतल्या शेवटच्या, म्हणजे सर्वांत सौम्य वर्गात होती. मोजमाप होते बीओडीचे. पाण्यातली घाण कुजवताना जिवाणू किती प्राणवायू खातात, त्याचा हा आकडा. आंघोळीच्या पाण्यात तो लिटरमागे ३ मिलिग्रॅमच्या आत असावा लागतो. घरातून निघालेल्या कच्च्या मैलापाण्यात तो २०० ते ३०० असतो. शेवटच्या वर्गातली नदी ३ आणि ६ च्या दरम्यान असते. म्हणजे नदी मेलेली नाही, तिला ताप आहे. पण ताप कशाने आला हे विचारायला नको का?

ते विचारण्यासाठीच आज चार गोष्टी क्रमाने मांडायच्या आहेत. पहिली, गोव्यातला पाऊस आणि गोव्यातला पर्यटनाचा सीझन यांची कधी गाठ पडत नाही. दुसरी, वापरलेले पाणी आज कुठे जाते. तिसरी, शुद्धीकरण प्रकल्प नेमके काय करतो आणि कुठे अडतो. चौथी, शुद्ध केलेले पाणी घ्यायला कोण उभे आहे.

पहिली गोष्ट पावसाची. गोव्यात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. जगात अनेक देशांना हा आकडा स्वप्नवत वाटेल. साखळीकरांना तर पाऊस म्हटला की पुराचीच आठवण होते. अंजुणे धरणाचे दरवाजे उघडले की बाजारपेठेत पाणी शिरेल का, याकडे सगळ्यांचे कान असतात. मग पाण्याची टंचाई कसली? तर हा जवळजवळ सगळा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो आणि आपल्या उतरत्या भूमीवरून थोड्या दिवसांत समुद्राला मिळतो. उरलेल्या आठ महिन्यांत गोवा हे जवळजवळ कोरडे बेट असते.

बेट हा शब्द उगाच वापरलेला नाही. राजधानी पणजी ज्या तिसवाडीत आहे ती मांडवी, जुवारी आणि कुंभारजुवे कालवा यांनी वेढलेली खरीखुरी बेटभूमी. बाकी गोव्याला एका बाजूला सह्याद्री आणि दुसऱ्या बाजूला समुद्र. आपल्या हद्दीपलीकडून येणारे मुख्य पाणी म्हणजे एक म्हादई, जिच्यावरून कर्नाटकाशी वाद सुरू आहे, आणि दुसरे तिळारी, जे महाराष्ट्राबरोबरच्या १९९० च्या करारातून आले. तिळारीचे धरण दोडामार्गात. त्याचा कालवा फुटला की पेडणे, डिचोली, बार्देशात नळ कोरडे पडतात, मग आमठाण्याच्या धरणातले पाणी सोडून अस्नोड्याचा प्रकल्प कसाबसा चालू ठेवावा लागतो. हे आपण एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा पाहिले आहे.

आता या कोरड्या आठ महिन्यांत काय होते? सीझन होतो. कार्तिकात वाळवंटी अजून भरलेली असते, त्याच सुमारास किनाऱ्यावर शॅक उभे राहतात. डिसेंबर-जानेवारीत हॉटेलात खोली मिळत नाही. एप्रिल-मेमध्ये देशी पर्यटकांची दुसरी लाट येते. २०११ च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या १४ लाख ५८ हजार होती. पर्यटन खात्याच्या हिशेबाने २०२४ मध्ये आलेल्या पर्यटकांची संख्या एक कोटीच्या वर गेली. हे सगळे अर्थातच एकाच वेळी येत नाहीत. पण जेव्हा येतात तेव्हा नद्यांत पाणी सर्वांत कमी असते.

ही गाठ नीट पाहा. पाणी सर्वांत कमी, तेव्हा मागणी सर्वांत जास्त. आणि मागणी सर्वांत जास्त, तेव्हाच मैलापाणीही सर्वांत जास्त. जुलैत वाळवंटीत दहा बादल्या घाण पडली तर ती वाहून जाते, पातळ होते. एप्रिलमध्ये बंधाऱ्याच्या फळ्या घातलेल्या असतात आणि पाणी थांबलेले असते. तेव्हा त्याच दहा बादल्यांचे काय होते?

थोडा हिशेब करू. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार चार तारांकित किंवा त्याहून वरच्या हॉटेलात माणशी रोज ३२० लिटर पाणी धरतात. शंभर खोल्यांचे हॉटेल, खोलीत दोन माणसे, म्हणजे रोजचे ६४ हजार लिटर. जलजीवन मिशनचे गावासाठीचे प्रमाण माणशी ५५ लिटर. याचा अर्थ एका हॉटेलच्या पाण्यात साडेअकराशे माणसांचे गाव भागते. तरणतलाव आणि हिरवळ वेगळी. आता यातले साधारण ८० टक्के पाणी वापरून परत बाहेर पडते, असे मलनिस्सारणाचे इंजिनिअर धरून चालतात. म्हणजे रोज ५१ हजार लिटर सांडपाणी, एका इमारतीतून. ते जाते कुठे?

ही झाली दुसरी गोष्ट. आणि इथे थोडे मागे जायला हवे.

आपल्या आज्यांना सांडपाण्याचे व्यवस्थापन कोणी शिकवले नव्हते. न्हाणीचे पाणी माडाच्या मुळाशी जायचे. भांडी घासलेले पाणी पोरसातल्या केळीला. कुळागरात तर पाण्याचा एक थेंब दोनदा वापरल्याशिवाय सुटत नसे. त्या व्यवस्थेचे फार गोडवे गायचे कारण नाही. त्यात स्त्रियांच्या डोक्यावरचे हंडे होते, आणि संडासाचे प्रश्न होते ते वेगळेच. पण एक गोष्ट तिच्यात पक्की होती. विहिरीतून पाणी ओढून आणावे लागे, म्हणून ते कमी लागे. आणि कमी असल्यामुळे जमीन ते जिरवू शके.

मग नळ आला. ही फार मोठी आणि चांगली गोष्ट झाली. ग्रामीण भागातल्या शंभर टक्के घरांना नळजोडणी देणारे गोवा हे देशातले पहिले राज्य ठरले आणि ऑगस्ट २०२२ मध्ये 'हर घर जल' म्हणून त्याचे प्रमाणपत्रही मिळाले.   नळाचे समारंभ झाले. पण घरात पाणी आणणाऱ्या पाइपचा जोडीदार, म्हणजे घरातून पाणी नेणारा पाइप, किती गावांत आहे? ज्या गावात तो नाही, तिथे 'हर घर जल' म्हणजे 'हर घर सांडपाणी'सुद्धा असतेच की.

पाइप नाही तिथे सेप्टिक टँक. सेप्टिक टँकबद्दल आपला एक मोठा गैरसमज आहे. टाकी बांधली की काम झाले, असे आपण मानतो. खरे तर टाकीत घन भाग तळाशी बसतो, थोडा कुजतो आणि वरचे गढूळ पाणी सोकपिटात जाते. पुढचे शुद्धीकरण मातीने करायचे असते. माती ते करते, पण तिला जाडी लागते, वेळ लागतो, आणि खाली भूजल दूर असावे लागते. आपल्याकडे जमीन कशी आहे? डिचोलीच्या पठारावर जांभा दगड. त्यात भेगा आणि पोकळ्या. पाणी गाळले जाण्याआधीच वाट काढून निघून जाते, आणि अनेकदा त्याच उतारावरच्या विहिरीत किंवा झरीत डोकावते. पेडण्याच्या किनाऱ्यावर, मोरजी, आश्वे, मांद्रे, हरमलला, वाळू. वाळूत पाणी झपाट्याने जिरते आणि भूजल तर हातभर खाली. चार माणसांच्या घरासाठी बांधलेल्या टाकीवर बारा खोल्यांचे गेस्ट हाउस उभे राहिले, तर त्या वाळूने काय करावे?

टाकी भरली की टँकर येतो. मघाचे हॉटेल घ्या. दहा हजार लिटरचा टँकर धरला, तर रोजच्या पाच खेपा. प्रत्येक खेपेला पैसे, आणि शुद्धीकरण प्रकल्प चाळीस किलोमीटरवर. रात्रीच्या वेळी एखाद्या शेताच्या कडेला, ओहोळात, खाजनाच्या बांधाशी पाइप सोडून टँकर रिकामा करणारे गोव्यात वारंवार पकडले गेले आहेत. टँकरवाला दोषी आहेच. पण ज्याने इमारतीला परवाना देताना मैलापाण्याच्या वाटेची चौकशी केली नाही, तो? आणि खेपेचा दर घासाघीस करून पाडणारा मालक?

याचे परिणाम फक्त वासापुरते राहत नाहीत. तिसऱ्यो आणि शिणाणे हे शिंपल्यांतले जीव पाणी गाळून त्यातले कण खाऊन जगतात. खाडीतल्या पाण्यात मैलापाण्याचे जिवाणू असले तर ते त्यांच्या अंगात साठतात आणि तिथून आपल्या ताटात येतात. पर्यटक हॉटेलात ज्या पाण्याने हात धुतो, तेच पाणी फिरून त्याच्या सुक्यात येऊ शकते. आणि आपल्याही.

हे कुठवर जाऊ शकते ते पाहा. फिलिपिन्समध्ये बोराकाय नावाचे एक छोटेसे बेट आहे. जेमतेम दहा चौरस किलोमीटर, पांढरी वाळू, वर्षाला वीस लाखांच्या आसपास पर्यटक. तिथल्या अनेक हॉटेलांनी मलवाहिनीची जोडणी घेतली नव्हती, आणि पावसाच्या गटारांतून मैलापाणी समुद्रात जात होते. २०१८ साली राष्ट्राध्यक्ष दुतेर्ते यांनी बेटाला गटारकुंड म्हटले आणि २६ एप्रिलपासून सहा महिने ते पर्यटकांसाठी बंदच करून टाकले. हजारो लोकांचा रोजगार एका फटक्यात थांबला. त्यांतले बहुतेक वेटर, नावाडी, खोल्या झाडणाऱ्या बायका होत्या. पाइप न जोडणाऱ्या मालकांची शिक्षा त्यांनी भोगली. गोव्यावर अशी वेळ येईल असे म्हणायचे नाही. पण आली, तर तिची किंमत कोण मोजेल, हे बोराकायने दाखवले आहे.

आता तिसरी गोष्ट. इतके होते तर सरकारने काही केले नाही का? केले आहे. पणजीला करंझाळ्याजवळ टोंक येथे शुद्धीकरण प्रकल्प आहे. तिथला १२.५ एमएलडीचा, म्हणजे रोज सव्वा कोटी लिटरचा प्रकल्प बरीच वर्षे राजधानीचे पाणी सांभाळतो आहे. पुढे 'अमृत' योजनेतून तिथेच आणखी १५ एमएलडीची भर पडली. मडगावला शिरवड्याचा प्रकल्प आहे, वास्कोला आहे. जपानबरोबर २००७ मध्ये कर्जाचा करार झाला आणि त्यातून मडगाव आणि कळंगुट-कांदोळीच्या किनारपट्टीसाठी मलनिस्सारणाची कामे हाती घेतली गेली. म्हणजे पैसा आला, यंत्रे आली.

टोंकला काय चालते ते जरा जवळून पाहू, कारण आपल्यापैकी बहुतेकांनी पणजीला जाताना-येताना कधी तिकडे वळून पाहिलेले नसते. शहरातून आलेले पाणी आधी जाळ्यांतून जाते. तिथे प्लॅस्टिक, कापड, केस, शाम्पूची पाकिटे अडतात. मग वाळू आणि खडे खाली बसवतात. नंतर पाणी मोठ्या उघड्या टाकीत येते. तळाशी बारीक छिद्रांच्या नळ्या असतात, ब्लोअर त्यांतून हवा सोडतो, आणि सगळी टाकी बुडबुड्यांनी खदखदू लागते. त्या हवेवर अब्जावधी जिवाणू जगतात आणि घाण खातात. काही वेळाने ब्लोअर बंद. टाकी शांत होते. तपकिरी गाळ खाली बसतो आणि वर निवळ पाण्याचा थर येतो. तो थर अलगद उतरवून घेणारे एक यंत्र खाली सरकते आणि फक्त वरचे पाणी काढते. गाळ सगळा काढत नाहीत. दही लावायला जसे थोडे विरजण राखून ठेवतात, तसा थोडा गाळ टाकीतच ठेवतात, कारण पुढच्या घाण्याचे जिवाणू त्यातच असतात. मग पुन्हा पाणी, पुन्हा हवा. दिवसातून अनेक वेळा. शेवटी क्लोरिन देऊन पाणी सोडतात.

यात जादू नाही, पण हे यंत्र जिवंत आहे. त्यामुळे त्याचे लाडही करावे लागतात. हॉटेलच्या स्वयंपाकघरातले तेल थेट मलवाहिनीत गेले तर ते पाइपात थिजते आणि टाकीवर तवंग धरते. फिनेलचे डबेच्या डबे ओतले तर जिवाणूच मरतात. वीज गेली आणि जनरेटर चालला नाही तर हवा थांबते. पावसाळ्यात लोक चेंबरची झाकणे उघडून अंगणातले पाणी मलवाहिनीत सोडतात, तेव्हा प्रकल्पात घाण कमी आणि पाणी दुप्पट येते. किनाऱ्याजवळच्या सखल भागात फुटक्या सांध्यांतून खारे पाणी आत शिरते. प्रकल्प नापास झाला अशी बातमी आपण वाचतो. पण बऱ्याच वेळा आपण त्याच्या तोंडात जे घालतो, त्यानेच तो नापास झालेला असतो.

आणि सगळ्यात मोठी अडचण प्रकल्पात नसतेच. ती रस्त्यापासून घरापर्यंतच्या शेवटच्या दहा मीटरमध्ये असते. मलवाहिनी रस्त्याखालून गेलेली, चेंबर दारासमोर, आणि घर मात्र अजून सेप्टिक टँकवर. का? फरशी उखडावी लागते. भाडेकरू म्हणतो मालक करील, मालक बोरिवलीत नाहीतर लिस्बनमध्ये. सामाईक भिंतीवरून शेजाऱ्याशी दावा आहे. टाकी तर चालतेच आहे, मग जोडणीचे शुल्क कशाला? अशी शंभर कारणे. गोव्यात जोडणीबाबतचा स्वतंत्र कायदा २००८ पासून आहे. मलवाहिनी उपलब्ध असेल तिथे जोडणी घेणे हा उपकार नव्हे, ते कर्तव्य आहे. तरीही किनारपट्टीतल्या नव्या प्रकल्पांना पुरेसे मैलापाणीच मिळत नाही, ही तक्रार सुरुवातीपासून राहिली. विचार करा, एका बाजूला मैलापाण्याने नद्या आजारी, आणि दुसऱ्या बाजूला कोट्यवधींचा प्रकल्प मैलापाण्याची वाट पाहत उपाशी!

मग आपल्या कारापूरसारख्या गावात काय? टोंकपर्यंत पाइप नेणे शक्य नाही आणि शहाणपणाचेही नाही. डिचोली तालुक्यात घरे टेकड्यांवर, वाड्यावाड्यांत विखुरलेली. इथे लहान प्रकल्पच लागतील. नागपूरच्या 'नीरी' या राष्ट्रीय संस्थेने 'फायटोरिड' नावाची पद्धत विकसित केली आहे. त्यात खडीच्या थरात कर्दळीसारख्या पाणथळ वनस्पती लावतात, त्यांच्या मुळांभोवतीचे जिवाणू पाणी स्वच्छ करतात. वीज नाममात्र लागते. जागा मात्र लागते, आणि ती राखणारा माणूस लागतो. छोट्या वसाहतीला, शाळेला, मंदिर परिसराला, दहा-वीस घरांच्या वाड्याला हे जमण्यासारखे आहे. पण शंभर खोल्यांच्या रिसॉर्टने किंवा शेकडो बंगल्यांच्या प्रकल्पाने 'आम्ही झाडे लावू' म्हटले, तर पंचायतीने हसून मान डोलवू नये. तिथे यंत्राचाच प्रकल्प हवा, आणि तो रोज चालतो याची मोजणी हवी. किनाऱ्यावर जागा संपत आली आहे आणि मोपाचा विमानतळ जानेवारी २०२३ पासून सुरू आहे. त्यामुळे बांधकामवाल्यांची नजर पेडण्याच्या पठारांवर आणि आपल्या डिचोलीवर आहे, हे इथे कोणाला नव्याने सांगायला नको.

चौथी गोष्ट, आणि आजच्या व्याख्यानाचा खरा गाभा. समजा सगळे पाणी प्रकल्पात आले. उत्तम शुद्ध झाले. पुढे? आज बहुतांश वेळा पुढे नाला, नाल्यातून नदी, आणि नदीतून समुद्र. मे महिन्यात तिळारीच्या कालव्यासाठी आपण आकाशाकडे आणि दोडामार्गाकडे डोळे लावून बसतो, आणि त्याच महिन्यात हाताशी असलेले, पैसे खर्चून स्वच्छ केलेले पाणी खाऱ्या पाण्यात सोडतो. गोव्यातले सर्वांत भरवशाचे पाणी कोणते? पावसाचे नव्हे, ते चार महिने. धरणाचे नव्हे, कालवा फुटतो. सर्वांत भरवशाचे पाणी म्हणजे सांडपाणी. पर्यटक जितके जास्त, तितके ते जास्त. उन्हाळा जितका कडक, तितकी त्याची गरज मोठी. सीझनला येणारे हे एकच पाणी आहे.

ही कल्पना नवी नाही. आपल्याच देशात, नागपुरात, महापालिकेच्या भांडेवाडीतले सांडपाणी शुद्ध करून महाराष्ट्राच्या महानिर्मिती कंपनीच्या कोराडी वीज केंद्राला दिले जाते. १३० एमएलडीचा हा प्रकल्प २०१५ च्या सुमारास सुरू झाला. वीज केंद्राला वाफ थंड करण्यासाठी प्रचंड पाणी लागते. ते सांडपाण्यातून मिळाले, म्हणून तेवढे धरणाचे पाणी शहरासाठी मोकळे झाले. इथे महत्त्वाचे काय? प्रकल्प बांधण्याआधी गिऱ्हाईक ठरले होते. सिंगापूर २००३ पासून अतिशुद्ध केलेले सांडपाणी मुख्यतः कारखान्यांना देते. नामिबियातल्या विंडहोक शहराने तर १९६८ पासून ते पिण्याच्या पाण्यात मिसळले आहे. आपल्याला विंडहोक व्हायची गरज नाही. आपल्याकडे प्यायला पुरेसे पाणी आहे, फक्त ते लॉनला जाते.

आपल्याला जवळचा धडा माल्टाचा आहे. भूमध्य समुद्रातले हे बेटराष्ट्र गोव्याच्या दहाव्या हिश्श्याहूनही लहान. एकही नदी नाही, पाऊस आपल्या पाचव्या हिश्श्याइतका, आणि लोकसंख्येच्या कितीतरी पट पर्यटक. २०११ पर्यंत तिथले बरेच मैलापाणी कच्चेच समुद्रात जात होते. त्या वर्षी मोठा प्रकल्प सुरू झाला आणि देशाचे सगळे मैलापाणी शुद्ध होऊ लागले. टाळ्या झाल्या. पण ते पाणी शेतीच्या उपयोगाचे नव्हते. कारण? किनाऱ्यालगतच्या मलवाहिन्यांत समुद्राचे पाणी झिरपत होते. पाणी स्वच्छ होते, पण खारट. पिकाला मारून टाकणारे. मग पुन्हा खर्च करून त्या पाण्यातले मीठ काढणारे प्रकल्प जोडावे लागले, शेतापर्यंत वेगळी पाइपलाइन न्यावी लागली. आता तिथला शेतकरी कार्ड लावून नळातून हे पाणी घेतो.

माल्टाकडून दोन गोष्टी घ्याव्यात. एक, पाइपचे सांधे सुरुवातीलाच नीट बांधा. पणजीच्या आणि किनाऱ्याच्या सखल वस्त्यांना हे विशेष लागू आहे. दोन, पाणी कोण घेणार आणि त्याला कसे पाणी हवे, हे आधी विचारा, प्रकल्पाचा नकाशा नंतर काढा.

मग डिचोलीत गिऱ्हाईक कोण? शोधायला फार लांब जायला नको. २०१२ आणि २०१८ च्या बंदीनंतर खाणी पुन्हा सुरू होत आहेत. खनिजाचे ट्रक जातात त्या रस्त्यांवर धूळ बसवायला टँकरने पाणी मारतात. ते पाणी विहिरीचे किंवा नदीचे का असावे? क्लोरिन दिलेले, तपासलेले पुनर्वापराचे पाणी तिथे चालते. बांधकामांना पाणी लागते, रस्त्याच्या दुभाजकातल्या झाडांना लागते, गाड्या धुणाऱ्यांना लागते. माड-पोफळीच्या बागांना ठिबकने देता येते. कच्ची खाण्याच्या भाजीला मात्र नाही. आणि खाणींच्या जुन्या खंदकांत ते साठवावे, असा सोपा मोह कोणाला झाला तर त्याला थांबवायला हवे. त्या खंदकांचे पाणी उन्हाळ्यात शेतीला आणि आसपासच्या विहिरींना पोचते. तिथे चूक झाली तर ती सापडायला वर्षे जातील, आणि तोवर ती लोकांच्या घागरीत असेल.

आता थोडक्यात गोळा करू. पाऊस चार महिन्यांचा, सीझन आठ महिन्यांचा. म्हणून सांडपाणी शिखरावर असते तेव्हा नदी तळाला असते. जांभ्यात आणि वाळूत सेप्टिक टँक दाट वस्तीचे ओझे पेलू शकत नाही. प्रकल्प बांधणे हा कामाचा अर्धाच भाग, दुसरा अर्धा घराच्या दारातली जोडणी आणि रोजची देखरेख. आणि शुद्ध पाण्याला गिऱ्हाईक नसेल तर ते नाल्यातच जाणार.

मग आपण काय करायचे? गोव्याच्या पंचायत कायद्यानुसार जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर या महिन्यांतल्या रविवारी ग्रामसभा होते. तिथे रस्त्यांवर, दिव्यांवर, सीमेच्या भांडणांवर आपण तासन् तास बोलतो. पुढच्या सभेत तीन प्रश्न विचारून पाहा. आपल्या पंचायत क्षेत्रात मंजूर झालेल्या प्रत्येक मोठ्या प्रकल्पाचे मैलापाणी कुठे जाणार आहे, आणि त्याचा नकाशा पंचायतीकडे आहे का? गावात येणारे मैल्याचे टँकर कुठे रिकामे होतात, आणि त्याच्या पावत्या कोण पाहते? वाळवंटीच्या पाण्याच्या मासिक तपासणीचे आकडे पंचायतीच्या फलकावर मराठीत का लागत नाहीत? उत्तरे इतिवृत्तात लिहून घ्यायला सांगा. 'पाहू, करू' हे उत्तर मिळाले तर तेही तसेच लिहून घ्या, तारखेसह. एप्रिलच्या सभेत मागचे इतिवृत्त वाचले जाईल तेव्हा नदीचे पाणी उतरलेले असेल आणि किनाऱ्यावरची हॉटेले भरलेली असतील, म्हणजे उत्तर खरे की खोटे ते लगेच कळेल.

प्रश्नोत्तरांसाठी आयोजकांनी अर्धा तास राखून ठेवला आहे. टोंकचा प्रकल्प पाहायला जायचे असेल त्यांनी आपली नावे दारापाशी द्यावीत.